सुईवरचं टोपरं

सिस्टर विणायच्या कमी आणि उसवायच्या जास्त. येडशीच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून त्या धाराशिवला आमच्या शेजारी राहायला आल्या आणि हा नाद लागला. दुपारभर ओट्यावर सुया चालायच्या. संध्याकाळी एखादा टाका निसटलेला दिसला की चष्मा पुसून शांतपणे सगळं ओढून काढायच्या. त्यांच्या नवऱ्याचा, भाऊंचा मफलर कित्येक हिवाळे चालू होता. भाऊ बिचारे गळ्याला पंचा गुंडाळून फिरायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "मफलर निघालाय, येडशीपर्यंत आलाय."

मला मुळात धीर नाही. त्यांनी शिकवायला घेतलं, तर चुकलं की मी सुया फेकायचे.

"आगं, लोकर काय पळून चाललीय व्हय?" सिस्टर म्हणायच्या. "चूक झाली तर उसवायचं. न्हाय झाली तर हात लावायचा न्हाय. एवढंच हाय हे."

मला दिवस गेले तेव्हा त्यांनी पिवळ्या लोकरीचं टोपरं विणायला घेतलं. बाळ यायच्या आधी त्याचं नवं काही पुरं करायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. इतकी वर्षं बाळंतपणं करूनही सिस्टरांनी ती पाळली. शेवटची ओळ सुईवरच ठेवली. "ते आल्यावर बंद करते," म्हणाल्या. नवल म्हणजे हे टोपरं त्यांना एकदाही उसवावं लागलं नाही.

बाळ आलं, पण रडलं नाही.

मी घरी आले. बायका भेटायला येत. कुणी म्हणे जिना चढायला नको होता, कुणी म्हणे एसटीचा प्रवास नडला. मी मान हलवायचे, चहा प्यायचे. मला काहीच वाटत नव्हतं. सिस्टर नुसत्या शेजारी बसायच्या. एकदा मीच म्हटलं, "सिस्टर, ते टोपरं उसवून टाका. भाऊंच्या मफलरला लोकर होईल."

त्या घरी जाऊन ते घेऊन आल्या. चष्मा लावून ओळ न् ओळ बघितली आणि टोपरं सुईसकट माझ्या मांडीवर ठेवलं.

"कशापायी उसवू, पोरी? ह्यात चूक कुठंच न्हाय."

तेव्हाही मी रडले नाही. पण त्यानंतर जिन्याचं कुणाचं ऐकून घेतलं नाही.

पुढं सिस्टर मुलाकडे लातूरला गेल्या, तिथंच वारल्या. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली निवडून टाकली. भाऊंचा मफलर राहिलाच.

टोपरं माझ्या कपाटात आहे. दिवाळीला कपाट आवरताना नवरा ते हातात घेतो आणि विचारतो, "याचं काय करायचं?"

मी म्हणते, "हात लावायचा नाही."