दोन तळांची चाळणी

इमारतीत त्यांना सगळे कानसकाका म्हणायचे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीच्या कडा बोचतात म्हणून त्यांनी ती घासायला काढली आणि घासता घासता त्यावरची अक्षरंच गेली. तेव्हापासून दारावर एक अतिशय गुळगुळीत, चकचकीत आणि कोरी पाटी होती.

चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. बिजागरी बसवायची, काडीचा बाक जुळवायचा, कानामागे टोचणार नाही अशी कड करायची. निवृत्त होताना मालकाने त्यांचा वस्तू घट्ट धरायचा शेगडा, हातड्रिल आणि कानशींचा डबा त्यांनाच भेट दिला. मालकाची त्यात काही वाईट भावना नसावी, पण घरच्यांच्या मागे मात्र तिथूनच शुक्लकाष्ठ लागलं. किल्ल्या घासून झाल्या, त्यातल्या दोन मग कुलपात फिरेनात. सुऱ्यांच्या मुठी झाल्या, खिडक्यांच्या कड्या झाल्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, शेजारणींना सांगायच्या, "मी दुपारची झोपतेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. यांचा काही नेम नाही, माझं नाक घासायला घेतील."

मुलगा कारखान्यांमधून मोठी यंत्रं बसवायच्या कामावर होता, त्यामुळे तो घरापेक्षा बाहेरगावीच जास्त. घरात असायचे हे दोघं आणि सून. सून फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची, कुरकुरणारे गुडघे वळवायची. मुलगी सोन्यासारखी, पण सासऱ्याशी तिचं बोलणं म्हणजे "हो बाबा", "नको बाबा" आणि "छान आहे बाबा". त्यापुढे गाडी जायची नाही. लग्न नवं होतं तेव्हा काकांनी तिच्या चपलांची बक्कलं, पायाला लागत असतील म्हणून, आपण होऊन घासून दिली होती. "छान झालं बाबा," ती म्हणाली आणि त्या चपला पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. काका काय समजायचं ते समजले. पुढे ते तिच्या वस्तूंपासून चार हात लांब राहू लागले.

अशा घरात एक दिवस एस्प्रेसो मशीन आलं. सुनेने हौसेने आणलं होतं. ओट्यावर मिक्सरला बाजूला सरकवून तिने ते मांडलं, मागे उभ्या असलेल्या काकांकडे वळून म्हणाली, "बाबा, याला हात लावायचा नाही हं. काहीही झालं तरी." तिने त्यांच्याशी एका दमात बोललेलं तोवरचं सगळ्यात लांब वाक्य ते.

कॉफी दिसायची झकास. वर बोटभर फेस, तोही असा की चमचा उभा राहावा. सून कपाचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवायची, मग एक घोट घ्यायची आणि तिच्या तोंडाचा चंबू व्हायचा. "आई, दिसते अगदी हॉटेलातल्यासारखी," ती काकूंना म्हणायची, "पण चव म्हणजे पुठ्ठा भिजत घातल्यासारखी. काय चुकतंय कळतच नाही."

पेपरामागे बसलेल्या काकांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

तीन-चार आठवडे त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी सून दवाखान्यात आणि काकू भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या, असा योग आला. फक्त बघायचं, असं स्वतःला बजावत त्यांनी मशीनचा दांडा काढला. त्या दांड्यात कॉफीची पूड भरायची एक स्टीलची वाटी बसते. तळाला बारीक भोकं असलेली, चाळणीच म्हणा ना. ती त्यांनी खिडकीशी नेली आणि डोळ्याला भिंग लावलं. आतून पाहिलं तर तळाला भोकंच भोकं, नुसती जाळी. उलटी करून पाहिली तर बाहेरून फक्त एक भोक, तेही सुईच्या टोकाएवढं. उजेडासमोर धरली तर जाळीतून उजेड येईना.

"अगं लबाडे," काका चाळणीला म्हणाले, "तुला दोन तळ आहेत!"

मग त्यांच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. वरच्या जाळीतून उतरलेली कॉफी दोन तळांच्या मधल्या फटीत कोंडायची आणि त्या एका भोकातून फवाऱ्यासारखी सुटायची. नळाच्या तोंडाशी बोट दाबून धरलं की पाणी फसफसून उडतं, तसला तो फेस. कॉफीचं त्यात कर्तृत्व शून्य. पूड कशीही असो, कितीही शिळी असो, फेस ठरलेला.

आता एवढं कळल्यावर चाळणी परत जागेवर ठेवायला साधुसंत पाहिजे. काकांनी ती शेगड्यात धरली, त्या भोकावर ड्रिल टेकवलं आणि मूठ फिरवायला घेतली. भोक थोडं मोठं करू, कोंडी फुटेल, सुनेला कळणारही नाही, असा बेत. पण स्टील चिवट. ड्रिल नुसतं घसरायला लागलं. काकांनी जोर लावला. स्टील म्हणजे चष्म्याची फ्रेम नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ड्रिल बाहेरचा तळ पार करून खचकन आतल्या जाळीतून वर आलं होतं. जाळीला चांगला वाटाणा जाईल एवढा दरवाजा झाला.

काकांनी चाळणी पुसून दांड्यात बसवली आणि फिरायला निघून गेले. आयुष्यात ते इतके लांब कधी फिरले नव्हते.

परतले तेव्हा सून स्वयंपाकघरात उभी होती. समोर कप, कपात गाळ. हातात उलटी धरलेली चाळणी.

"बाबा!"

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, एवढा तो आवाज होता.

"हात लावू नका म्हटलं होतं ना? लहान आहात का तुम्ही? एक वस्तू या घरात धड राहत नाही! कुलपं उघडत नाहीत, कड्या लागत नाहीत! आणि माझ्या त्या चपला! बक्कल इतकं घासलंत की भर रस्त्यात तुटलं. एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन घरी आले मी, लोक बघत होते!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांची नजर जमिनीवर. ते हळूच म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कशी बोलणार? नवी होते."

"आणि आता?"

"आता जुनी झाले," ती म्हणाली.

काकूंना फिस्सकन हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुनेच्या ओठाचा एक कोपरा हलला. काकांनी ती संधी साधली. "रागाव, हवी तेवढी रागाव," ते म्हणाले, "पण आधी हे एकदा बघ." आणि त्यांनी भिंग पुढे केलं.

रागावलेल्या माणसाला भिंगातून बघताना एक डोळा मिटावा लागतो, आणि एका डोळ्याने फार वेळ रागावता येत नाही. सुनेने दोन्ही तळ पाहिले, मधली फट पाहिली. "म्हणजे फेस खोटा?"

"साफ खोटा."

"आणि मी जगभर फोटो पाठवत बसले!" तिने कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून म्हणाली, "खालचा तळ अख्खाच काढला तर?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत घरातल्या कोणीही त्यांना काहीतरी *काढायला* सांगितलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दोघं तसलीच नवी चाळणी घेऊन आले. सुनेने स्टूल ओढून शेगड्यासमोर ठाण मांडलं. "या वेळी मी इथून हलणार नाही." काकांनी या वेळी आधी सुई घालून दोन तळांमधली फट मापली. मग चष्म्याच्या काडीवर चढवतात तसली रबरी नळी कापून ड्रिलच्या पात्यावर सरकवली. नुसतं टोक बाहेर. म्हणजे पातं तळ भेदून आत जायला लागलं की नळी अडेल आणि जाळी वाचेल. तळाच्या कडेने त्यांनी टोकदार पंच ठोकून खुणा केल्या, तेलाचा थेंब सोडला आणि सावकाश एकेक भोक पाडायला सुरुवात केली.

"बाबा, खांदा खाली."

"काय?"

"उजवा खांदा कानाला लावून बसलायत तुम्ही. असंच काम करत आलात म्हणून मान दुखते तुमची. खाली सोडा. कोपर अंगाजवळ."

काकांनी खांदा सोडला. ड्रिल खरोखरच हलकं फिरायला लागलं. "हे मला आधी कोणी सांगितलं नाही," ते कुरकुरले.

"मला विचारलंत कधी?"

भोकांची माळ पूर्ण झाली. काकांनी पकडीने मधली चकती धरली, हलवली, पिळली आणि ती कट्टकन निसटून सुनेच्या मांडीत पडली. गोल कानशीने कडा साफ झाल्या, पॉलिश कागद फिरला, चाळणी खळखळून उकळून निघाली. उजेडासमोर धरली तर प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका. सून टाळी वाजवून उठली.

पण पहिला कप भरला तो भसकन. मशीनला दम लागायच्या आत सगळं पाणी खाली. पाणी अडवणारं एकुलतं एक भोक तर गेलेलं, आता अडवायचं काम पुडीने करायला हवं होतं, आणि विकतची पूड होती रवाळ. सून कॉफीच्या बिया आणि हाताने फिरवायचं दळणयंत्र घेऊन आली. दळायचं काम काकूंकडे आलं, त्याही "माझा यात काय संबंध?" असं विचारत विचारत दळत राहिल्या. सुनेने पूड पिठासारखी बारीक करून घेतली, चाळणीत भरली आणि माणसांचे खांदे दाबणाऱ्या हाताने अशी दाबली की विटेलाही लाज वाटावी. बटण दाबलं. मशीन घुं घुं करून कण्हायला लागलं. एक थेंब उतरेना.

"अडकलं," सून म्हणाली आणि मशीन बंद करून दांड्याला हात घातला.

"थांब! आत दाब आहे, लगेच उघडू नको!"

"काही होत नाही बाबा."

फाट्!

नेमका त्याच वेळी मुलगा फिरतीवरून परतला होता. जिन्यात असतानाच त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला, "एवढं सांगत होतो तरी! जरा म्हणून दम नाही तुझ्यात!" आणि त्यावर बायकोचा, "तुम्हीच तर भोकं पाडलीत!" इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती ते शेवटी घडलं, असं समजून तो बॅगेसकट आत धावला. बघतो तर छतावर चिखल, भिंतीवर चिखल, बायकोच्या केसांत चिखल. वडिलांचं तोंड पूर्ण तपकिरी, फक्त चष्मा काढल्यामुळे डोळ्यांभोवती दोन पांढऱ्या खिडक्या.

"आई," त्याची बोबडी वळली होती, "हे... हे कधीपासून चाललंय?"

"बरेच दिवस," काकू शांतपणे म्हणाल्या. "तू आधी हातपाय धू आणि हे फिरव. माझा हात भरून आलाय."

मुलाने दळलं. या वेळी जरा भरड, आणि सुनेने दाबलं जरा हलकं. कॉफी उतरली ती बारीक, सलग धारेने, काळीभोर, वर पातळसा तांबूस थर. फेसाचा डोंगर नाही. सगळे वाकून बघत होते. सुनेने घोट घेतला, डोळे मिटले आणि कप काकांच्या हातात दिला.

"कडू आहे," काका म्हणाले.

"कडू? थोडी आंबट आहे. शेवटी गोडसर लागतं ते कळलं नाही तुम्हाला?"

"मला काय कळायचं? मी चहाचा माणूस." तरी त्यांनी दुसरा घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि नाइलाज झाल्यासारखे म्हणाले, "शेवटी जरा बरं लागतं खरं."

इमारतीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या, व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आपली चाळणी घेऊन आल्या. तिचाही दुसरा तळ निघाला. आठवड्याने बाई तणतणत परत आल्या. त्यांच्याकडे दळणयंत्र नव्हतं, पाहुण्यांसमोर फिक्कं पाणी ठेवायची वेळ आली होती. "मला तो खोटा फेसच बरा होता. माझा तळ मला परत लावून द्या!" काकांचा चेहरा पडला. निघालेला तळ लावता येत नाही, आणि नवी चाळणी आणून द्यायची म्हणजे खोटेपणाला आपणच हातभार लावायचा. शेवटी सुनेने बाईंना घरात बसवलं, कॉफी पाजली, वर त्यांची व्हायोलिनने धरलेली मानही मोकळी करून दिली. बाई दळणयंत्राच्या दुकानाचा पत्ता विचारून गेल्या.

हल्ली घरात शांतता अशी नसतेच. आता वाद आहे तो दांड्यावरून. सुनेला दांड्याखालचं कॉफी सोडणारं तोंड कापून टाकायचंय, म्हणजे चाळणीतून धार उतरताना खालून दिसेल. काका म्हणतात, तो दांडा म्हणजे ओतीव पितळ, हाताने कापताना आठवडा जाईल आणि खांदा कामातून जाईल. सून म्हणते, खांद्याचं मी बघते. परवा ती येताना नवी करवत घेऊनच आली. काका करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवत "पाती बारीक दातांची आणायची असतात" अशी कुरकुर करत होते, तोवर काकूंनी कपाटातून पिशवी काढली आणि बहिणीला फोन लावला, की चार दिवस राहायला येते, जमेल का?