माझ्या बोर्डाचा पाट झाला

जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. सॉल्ट लेकच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, श्रावणातल्या चिकचिकाटात, चार रविवार खपून मी सागवानी चॉपिंग बोर्ड केला होता. रंधा मारून हाताला फोड आले होते. दोन्ही टोकांना छान वळणदार मुठी बसवल्या, जवसाचं तेल चोळलं आणि वाळत ठेवला. चतुर्थीला ऑफिसातून धावतपळत आले, तर बोर्ड जागेवर नाही! सासूबाईंनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढून कुमारटुलीच्या बंगाली मूर्तिकारांकडून आणलेला गणपती बसवला होता. वर कौतुक, "पाट किती सुबक केलास गं! विसर्जनाला उचलायला मुठीसुद्धा!" मी ओरडलेच, "अहो आई, तो कांदा चिरायला आहे!" त्यांनी कानांवर हात ठेवले. "देव बसला त्याच्यावर! आता कांदा चिरशील?" विसर्जन होईपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आता त्या नाहीत. आज सकाळी मी बोर्ड धुतला, तेल लावलं, कांदा ठेवला, सुरी उचलली, आणि मुकाट्यानं तो कांदा प्लास्टिकच्या बोर्डावर नेऊन चिरला. सासूबाई गेल्या, पण माझ्या बोर्डावरचा ताबा काही सोडला नाही!