वास्कोला गेलेले बाबा

मी पाच वर्षांची असताना बाबा वारले. तुयेच्या कारखान्यातून मोटारसायकलने घरी येताना त्यांना अपघात झाला. मला ते कोणी सांगितलं नाही. मावशी मला तिच्या घरी घेऊन गेली आणि दिवसकार्य उरकल्यावर परत आणलं. बाबा कुठे, असं विचारलं तेव्हा मोठी काकी म्हणाली, "बापूस तुजो वास्कोक गेलो गो बाय, बोटीर कामाक. बावली घेवन येतलो."

मायेनेच म्हणाली ती. मग घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवलं, आईनेसुद्धा.

आमचं घर तेरेखोलला. शाळा नदीपलीकडे, फेरीबोटीने जायचं. बाबाही त्याच फेरीने कामावर जात. जूनमध्ये मला पहिलीत घातलं. नवा गणवेश घालून मी धक्क्यापर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. काकांनी उचलून फेरीत नेलं तर त्यांच्या हाताला चावले. बालवाडीत ओळखत होते ती अक्षरं विसरले. अंथरूण ओलं करू लागले. पोट दुखायचं, पण डॉक्टरांना काही सापडत नसे. मूल पाण्याला भ्यालं, असं सगळ्यांनी ठरवलं. कोणी अंगारा आणला. शेजारीण म्हणाली, "लाड चड जाले तिचे. दोन फटके दी, आपसूक शाळेक वतली."

शेवटी काका म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. आईने माझा गणवेश घडी करून ठेवून दिला. तिची स्वतःची शाळा अशीच पुढच्या वर्षावर गेली आणि कायमची सुटली होती.

मग पहिलीच्या बाई एका संध्याकाळी फेरीने आमच्याकडे आल्या. शाळेचं नावही न काढता माझ्याजवळ पायरीवर बसल्या आणि मी मांडलेले शिंपले बघत राहिल्या. पुन्हा आल्या, तेव्हाही तसंच. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "धक्क्यावर बसून तू काय बघतेस गं?"

"फेरी."

"फेरीत काय असतं?"

"बाबा येतले. मी पलीकडे शाळेत असले आणि ते आले तर?"

आई सूप घेऊन दारात उभी होती. ती तिथेच खाली बसली.

बाई तिला काय म्हणाल्या ते आईने मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. "लहान आहे म्हणून तिला कळत नाही असं नाही. ती एकटीच अर्थ लावत बसली आहे. खरं सांगा. मी इथे थांबते."

आईने मला मांडीवर घेतलं. "बाय, बाबा वास्कोक गेलेच नात. गाडयेवरसून पडले आणि मेले. ते आता येवचे नात."

त्यांना खूप लागलं का, असं मी विचारलं. मग विचारलं, तूसुद्धा जाणार?

"ना. तू शाळेतसून येशी तेन्ना हांव धक्क्यार आसतलें."

खरं कळलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी धावत शाळेत गेले, असं झालं नाही. अंथरूण कितीतरी दिवस ओलंच होत राहिलं. आधी आईबरोबर नुसतं फेरीतून पलीकडे जाऊन परत यायचं. फेरीवरचा खलाशी ओरडायचा, "ये गो बाय, तुका तिकीट माफ!" पायी जाणाऱ्यांना तिकीट नसतंच, हे कळल्यावर मी त्याच्यावर रागावले, आणि आई कित्येक दिवसांनी हसली. शाळेत बाईंनी मला दाराजवळ बसवलं. रोज सकाळी त्या दिवसाचा क्रम सांगायच्या: आधी गाणं, मग पाटी, मग जेवण, मग फेरी. त्यांनी तो क्रम कधी मोडल्याचं मला आठवत नाही. अक्षरं हळूहळू परत आली.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता मीही पहिलीला शिकवते. वर्गात कोल्हापूर, बेळगावकडून कामाला आलेल्यांची मुलं असतात. लहान वयातला आघात मुलाच्या झोपेत, पोटात, अभ्यासात कसा उतरतो, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. एखादं मूल गप्प झालं की मी आधी त्याच्याजवळ बसते. प्रश्न नंतर.

आईशिवाय शाळेत गेले तो पहिला दिवस मला आठवतो. परतताना फेरी आमच्या काठाला लागत होती आणि मी धक्क्यावरच्या माणसांत आईला शोधत होते. ती मोठ्या काकीच्या बाजूला उभी होती. मला दिसावी म्हणून तिने हात उंच धरला होता.