खिडकीबाहेर ओतलेलं सूप

काल नेर गावातल्या आमच्या घरी बायकोनं कोबी शिजत ठेवला आणि त्या वासानं मला जर्मनीतलं एक स्वयंपाकघर आठवलं. बाविसाव्या वर्षी चर्चचा स्वयंसेवक म्हणून मी तिकडे गेलो होतो, एका म्हाताऱ्या बाईंकडे राहत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी केलेलं आंबट कोबीचं सूप मी गुपचूप खिडकीबाहेर ओतलं. खाली बाई फुलझाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्या पुन्हा पाणी घालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे भात आला, गिचका झालेला. "तुमच्याकडे असाच करतात ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी नुसती मान डोलावली.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग माफी मांगितली ना तुम्ही?"

त्या घरी मी वर्षभर जेवलो. बायकोकडे न बघताच मी "नाही" म्हणालो.