मी काढून ठेवलेल्या नव्या तारा

दहावीच्या निकालानंतर वडिलांनी हैदराबादहून गिटार आणली. लाल-काळी, चकचकीत, आरशासारखं पॉलिश. अकरावीला मला नांदेडहून लातूरला क्लासला टाकलं तेव्हा गादी आणि ट्रंकेबरोबर तीही गेली. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि घरोघरी वरच्या मजल्यावर मुलींना कॉट मिळायची. आमच्या खोलीत चार कॉट होत्या. घरमालकीणबाईंनी गिटारीकडे बघून विचारलं, "डॉक्टर व्हायचंय का बँडात जायचंय?" शेवटी रविवारी दुपारी तासभर वाजवायची परवानगी मिळाली.

दिवाळीनंतर समोरच्या कॉटवर एक मुलगी आली. औशाच्या पलीकडची, भूकंपात पडलेल्या गावातली. तिच्या सामानातही गिटार होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. भूकंप झाला तेव्हा ती पाचवीत होती. नंतर पत्र्याच्या शेडात राहत असताना मदतीला आलेली मुंबईची एक ताई वर्षभर गावात राहिली. ती मुलांना गाणी शिकवायची. जाताना आपली गिटार हिला देऊन गेली. भूकंपात हिची थोरली बहीण गेली होती. "आम्ही चौघं व्हतो, तिघं राहिलो," एवढंच ती सांगायची आणि पुस्तक उघडायची.

मी तिची गिटार पहिल्यांदा मांडीवर घेतली ती जरा हसतच. रंग उडालेला, एक खुंटी ढिली, तारा ओढून धरतो ती घोडी एका बाजूनं उचकटलेली. तारा इतक्या गंजलेल्या की बोटं काळी व्हायची. माझी वाजवली की खोली भरून जायची. तिचा आवाज कांबळीखालून आल्यासारखा. पण वरची जाड तार सहज छेडली आणि तो आवाज रेंगाळत राहिला. कानाला कमी, बरगड्यांना जास्त कळत होता. माझ्या गिटारीत असं कधी झालं नव्हतं. माझीतला आवाज मोठा यायचा आणि लगेच सरून जायचा, स्टीलचं ताट पडल्यासारखा. हे मी कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीला मी घरी निघाले तेव्हा तिला म्हणाले, "दे, आमच्या नांदेडला एक चाचा आहेत, दुरुस्त करून आणते." तिनं चादरीसकट दिली. हे चाचा हार्मोनियम, सतार, जे येईल ते दुरुस्त करायचे. माझी नवी गिटार त्यांनी आधीच बघितली होती. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पॉलिश लई चांगलं हाय, बेटा." ही मात्र त्यांनी उजेडाकडे धरली, आत डोकावले, बोटाच्या पेरानं पोटावर ठोकलं.

"हे अख्खं लाकूड हाय. तुझ्यासारखं प्लाय न्हाई. कुणाची?"

"मैत्रिणीची."

"तिला सांग, जपून ठेव. जसजशी वाजंल तसतशी खुलंल."

त्यांनी घोडी चिकटवली, दोन दिवस सुकू दिली, मग नव्या तारा चढवल्या आणि माझ्यासमोर वाजवून दाखवली. त्या आवाजाचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही. एकेक सूर वेगळा ऐकू येत होता आणि तरी सगळे एकमेकांत मिसळत होते. जुन्या तारा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. घरी मी ती दोन दिवस खाली ठेवली नाही. आई म्हणाली, "ही किती गोड वाजते गं." निघायच्या सकाळी मी दार लावलं, नव्या तारा उतरवल्या आणि त्या गंजक्या तारा परत चढवल्या. त्यातली एक तुटली, तिथं माझ्याकडची एक जुनी घातली. नव्या तारा कपाटात ठेवल्या. हे करायला मला बराच वेळ लागला. म्हणजे थांबायलाही भरपूर वेळ होता.

लातूरला आल्यावर मी तिला सांगितलं, "चाचा म्हणाले, लाकूड गेलंय. घोडी बसवलीय, पण फार दिवस टिकायची नाही."

तिनं नुसता गिटारीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी मी आणखी एक केलं. खोलीतल्या दुसऱ्या दोघींना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दोन्ही गिटारी आळीपाळीनं वाजवल्या. "कोणती चांगली?" दोघींनी माझी सांगितली. दुसरीला त्या हसल्या. महिन्याभरात कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि ती त्यात गाणार होती. मी म्हणाले, "तू माझी घे. कायमची. मला शिकायला तुझी ही चालेल."

"अगं, तुझ्या पप्पांनी आणलेली ना?"

"त्यांना मी सांगते."

पुढच्या आठवड्यात तिची आई गावाहून आली. धपाटे आणि शेंगांची चटणी घेऊन. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "लई मोठ्या मनाची हायस, माय." मी मान खाली घालून चार धपाटे खाल्ले. गॅदरिंगला ती माझ्या गिटारीवर गायली. माइकवर ती गिटार किरकिरत होती, तरी टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि तिचा आवाज कुठल्या गिटारीवर शोभला असता ते मला एकटीलाच माहीत होतं.

बारावीनंतरच्या परीक्षेचं तिचं केंद्र नांदेडला आलं. ती दोन दिवस आमच्याकडे उतरली. तिची गिटार भिंतीला टेकून होती, मी परत चढवलेल्या त्या नव्या तारांसकट. ती मला लपवून ठेवायचं सुचलं नव्हतं, की वाटलं होतं तिला कळणार नाही, आता आठवत नाही. तिनं ती उचलली आणि तारांवरून एकदाच हात फिरवला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "संक्रांतीला चाचांनी तारा घालून दिल्या ना, तेव्हापासून अशीच वाजते बघ."

तिनं माझ्याकडे बघितलं. "संक्रांतीलाच घातल्या व्हत्या?"

"नाही गं," मी म्हणाले. "आई विसरली. नंतर घातल्या, उन्हाळ्यात."

आई दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. मैत्रिणीनं गिटार होती तशी ठेवली. "चल, वाचू. उद्या पेपर हाय." पहिलं खोटं हावरेपणानं बोलले होते, असं मी स्वतःला सांगू शकते. या दुसऱ्याला मला अजून कारण सापडलेलं नाही.

तिला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. मला कशालाच मिळाला नाही. बीएस्सी केलं, शाळेत लागले. गिटार वाजवायला घेतली की पाच मिनिटांत ठेवून द्यायची. अशी आठ-नऊ वर्षं गेली. तिनं उदगीरला दवाखाना टाकल्याचं कळलं तेव्हा एका रविवारी गिटार घेऊन एसटीत बसले.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. नव्या तारा, जुन्या तारा, चाचा काय म्हणाले होते, सगळं.

ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मागितली असतीस तर रोज वाजवायला दिली असती."

मी चादरीच्या गाठीला हात घातला.

"मागच्या साली ताई आल्ती मुंबईहून. गाव बघायला. गिटार कुठाय म्हणून इचारलं. मी म्हणलं, फुटली. तुझं नाव कसं सांगू?"

मी चादर सोडून गिटार तिच्या टेबलावर ठेवली. माझी तिनं गावच्या शाळेला दिली होती. "आवाज मोठा हाय, पोरांना पुरतो," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. चहा आला, तो आम्ही प्यालो. तिच्या मुलीचं, माझ्या शाळेचं विचारून झालं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर पेशंट बसले होते. तिनं गिटार उचलून आतल्या खोलीत नेली आणि दार ओढून घेतलं.

मी जिन्यावर थोडा वेळ थांबले. वाटलं, निदान एखादी तार तरी छेडेल. वरून तिचा आवाज आला. ती पेशंटला विचारत होती, "कधीपासून दुखायलंय, मावशी?"