लातूर–नांदेड, अर्धा तास

कुणी गावाचं नाव काढलं की विमलताई विचारायच्या, "किती वेळ लागतो जायला?" किलोमीटर सांगितले तर म्हणायच्या, "अंतर घेऊन काय करू? वेळ सांग." नवीन आलेला कारकून गोंधळायचा. आम्हाला कारण माहीत होतं, त्यामुळे आम्ही मुकाट्यानं वेळच सांगायचो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही दोघी एकाच कचेरीत लागलो. त्या लघुलेखक, मी टंकलेखक. कचेरीला धड इमारत नव्हती. एका जुन्या गोदामात टेबलं मांडली होती आणि शेजारच्या डाळमिलचा भुसा टाइपरायटरमध्ये जाऊन बसायचा. विमलताई बिलोलीकडच्या. कागदावर त्यांची मराठी अगदी शुद्ध. डबा उघडला की मात्र गावाकडची बोली सुरू व्हायची. वडील लवकर गेलेले. आईनं दुसऱ्यांच्या शेतात राबून त्यांना शिकवलं होतं. लग्न त्यांनी केलं नाही. सुट्टी मिळाली की आईकडे पळायच्या.

मग दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात आईला नांदेडच्या दवाखान्यात ठेवल्याचा निरोप कचेरीच्या फोनवर आला. सकाळच्या एसटीत मीच त्यांना बसवून दिलं. अहमदपूरच्या पुढं बायकांनी रिकाम्या घागरी मांडून रस्ता अडवला होता. टँकर आल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. गाडी भर उन्हात उभी राहिली आणि दुपार तिथंच गेली. विमलताई दवाखान्यात पोचल्या तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सांगितलं, म्हातारी सारखी दाराकडं बघत होती, पोरगी निघालीय म्हणत होती.

त्या परत आल्यावर मी घागरीवाल्या बायकांना बोल लावला. विमलताईंनी मला थांबवलं.

"त्यायच्यावर नको चिडू. लेकरं तहानली व्हती त्यायची. मी बी खाली उतरून त्यायच्यात जाऊन बसले. दुसरं काय करनार व्हते?"

पुष्कळ वर्षांनी, त्या निवृत्त झाल्या त्या सुमारास, मुंबईचं छोटं विमान लातूरला थांबून पुढं नांदेडला जाऊ लागलं. त्यांनी दोन तिकिटं काढली आणि मला सोबत चल म्हणाल्या. हौस असेल असं मला वाटलं. विमान उडालं तशा त्या खिडकीला कपाळ टेकून बसल्या. खाली करडी रानं होती आणि त्यातून एक बारीक रस्ता जात होता. मी खालचं एखादं गाव ओळखू येतंय का बघत होते, तोवर विमान उतरायलाही लागलं. जेमतेम अर्धा तास झाला असेल. सगळे उठले. त्या उठेनात.

"एवढंच व्हतं गं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून रडू लागल्या. विमानातल्या मुलीनं पाणी आणून दिलं. तो पेला त्यांनी हातात नुसताच धरून ठेवला.

तिथून आम्ही बिलोलीच्या गाडीनं त्यांच्या गावी गेलो. घर बंदच होतं. कुलूप गंजलेलं, शेजाऱ्याकडून ते तोडून घ्यावं लागलं. त्यांनी घर झाडलं, दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, लातूरची खोली सोडल्याचं मालकाला सांग.

मी समजावलं. इथं एकट्या कशा राहणार, असं विचारलं.

"आई ऱ्हायलीच की इतकी वर्सं एकटी," त्या म्हणाल्या. "मी बी ऱ्हाते आता."

ती आमची शेवटची भेट. पुढच्याच हिवाळ्यात त्या तिथंच वारल्या. त्या सकाळी मात्र त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभ्या राहिल्या. लातूरला मी एकटीच परतले.