जयूदीदी आणि तपकिरी गुळणी

जयू करकरे नदीवर राम घाटावर गेल्या की तीर्थ ओंजळीत घेत, डोळ्यांना लावत आणि हळूच पायरीवर सोडून देत. "देवावर भरवसा आहे, पाण्यावर नाही," म्हणत. दूधवाला, भाजीवाला, टीव्हीवर रोज नव्यानं येणारे साबण, कशावरच त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. नवरा विलास रेल्वेत होता. तो म्हणे, "हिचं माझ्याशी लग्न झालं हेच नवल."

फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागे लहान मुलांचा एक खाजगी दवाखाना होता. तिथे त्या सिस्टर होत्या. सगळे त्यांना जयूदीदी म्हणत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची खोली त्यांच्याकडे होती.

शहाण्णव सालच्या थंडीत शहरभर सर्दी-तापाची साथ होती. आदल्या वर्षी असाच कुणाचा तरी खोकला त्या खोलीत शिरला होता आणि दोन बाळं मरता मरता वाचली होती. म्हणून मालक डॉक्टर प्रभाकर दिघे यांनी नियम केला, की ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येकानं एका तपकिरी जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करायच्या. घशातले विषाणू जागीच मरतात, असं औषध कंपनीचा माणूस सांगून गेला होता.

"इतकं गुणाचं आहे तर आजवर कुठे होतं?" जयूदीदी म्हणाल्या. पण गुळण्या केल्या.

आठवडाभरात त्यांना शंका आली. पेल्यातलं औषध फिकट दिसत होतं, पाणीदार चहासारखं. त्या मागच्या खोलीत गेल्या, तर वॉर्डबॉय बापू बाटलीतल्या औषधात पाणी ओतत होता.

"बापू, उरलेलं औषध कुठे विकतोस?" त्यांनी त्याला बाहेर बोलावून डॉक्टरांसकट सगळ्यांसमोर विचारलं.

बापूचा चेहरा पडला. "दीदी, साहेबांनीच सांगितलंय. जितकं औषध तितकंच पाणी."

डॉक्टर हसले. "सिस्टर, तसंच घ्यायचं असतं ते. बाटलीवर छापलंय."

जयूदीदी बाळांच्या खोलीकडे निघून गेल्या. त्या दिवसापासून बापू त्यांच्यासाठी चहा आणेनासा झाला. शेवटी त्याच त्याच्याकडे गेल्या. "माझं चुकलं, बापू."

"मी गरीब, म्हणूनच शक आला ना?" त्यानं विचारलं.

इकडे त्या गुळणीवर सगळ्यांचा फारच भरवसा बसला. तोंडाला बांधायची फडकी खुंटीवरच राहू लागली. कुणी तापाची सुट्टी मागितली की डॉक्टर म्हणत, "गुळण्या करा आणि या." खोकणारी माणसं बिनधास्त बाळांवर वाकू लागली. जयूदीदींना हे बघवत नव्हतं, पण बापूच्या प्रकरणानंतर तोंड उघडायची चोरी झाली होती.

मग त्यांनाच ताप भरला. त्या खोलीची दुसरी सिस्टर लग्नाला गेलेली. डॉक्टर म्हणाले, "गुळणी करून आत जा."

जयूदीदी दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "गुळणी केली, साहेब. पण मी आत जाणार नाही. ह्या औषधानं खोकला थांबतो की नाही मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

"बापूवरसुद्धा तुम्ही असाच शक घेतला होता," डॉक्टर म्हणाले. कामाच्या दोघीतिघी बाया हसल्या. जयूदीदींना ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

बापू तिथेच फरशी पुसत होता. त्यानं बादली खाली ठेवली. "साहेब, मलापण कालपासून ताप आहे. मी पण आत पोछा मारायला जात नाही."

डॉक्टर संतापले. त्या दिवशी त्यांची बायको, जी स्वतः डॉक्टर होती, तोंडाला फडकं बांधून त्या खोलीत बसली. जयूदीदी बऱ्या होऊन आल्या तेव्हा त्यांची बदली खाली इंजेक्शनच्या टेबलावर झाली होती.

त्याच सुमारास, फेब्रुवारीत, त्या खोलीतल्या एका बाळाला श्वास घेता येईना. बाळ कसंबसं वाचलं. दुखणं कुणी आत नेलं ते कधीच कळलं नाही. जयूदीदींनी मनातल्या मनात सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवरही. ताप यायच्या आदल्या दिवशी त्या आतच होत्या. त्यानंतर डॉक्टरांनी गाजावाजा न करता फडकी पुन्हा सक्तीची केली आणि आजाऱ्याला घरी पाठवू लागले. गुळणीही चालूच राहिली. तिनं किती फायदा झाला, हे काही त्या दवाखान्यात कुणाला सांगता आलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टर त्यांच्या टेबलाशी आले. "सिस्टर, उद्यापासून वर बाळांच्या खोलीत या."

"का, साहेब?"

"तुमच्यासारखं सांभाळणारं कोणी नाही."

जयूदीदींना ते पटलं नाही. त्यांनी बापूला विचारलं, तेव्हा कळलं की दुसरी सिस्टर जास्त पगारावर इंदूरला चालली होती. त्या मनाशी हसल्या, आणि सकाळी गुळण्या करून, फडकं बांधून वर गेल्या.